बोटीचं इंजिन बदलताना: मोजमाप, जुळवणी आणि अडवून धरणारा पार्टवाला

बोटीचं जुनं इंजिन काढून नवं बसवायचं ठरलं की पहिली चौकशी होते ती इंजिनाच्या किमतीची. ती जरूर करावी, पण सगळा हिशेब तिच्यावर मांडू नये. इंजिनाबरोबर गिअरबॉक्स, डॅम्पर प्लेट (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यातले झटके शोषणारी चकती), कपलिंग (गिअरबॉक्स आणि पंख्याचा दांडा जोडणारा भाग), माउंट (इंजिनाचे रबरी पाय), पंखा (प्रोपेलर), एक्झॉस्टचा होज, थंड पाण्याची लाईन, डिझेलच्या नळ्या, कंट्रोल केबल आणि पॅनल येतात. यातलं जुनं किती चालेल हे मोजल्याशिवाय कळत नाही, आणि मजुरी धरून या फुटकळ वाटणाऱ्या वस्तूंचा खर्च कित्येकदा इंजिनाच्या बरोबरीला जातो. शिवाय इंजिन एका खेपेत येऊन पडतं. काम अडतं ते एका फ्लँजपायी (कपलिंगची बोल्ट लावायची चकती), नाहीतर एका होजच्या वाकणापायी, आणि पार्टवाल्याच्या तावडीत माणूस सापडतो तोही तेव्हाच.

म्हणून या सगळ्या उपद्व्यापाचा एकच नियम आधी सांगतो. नवं इंजिन आणि यादीतला शेवटचा क्लॅम्पसुद्धा मोजून, तपासून तुमच्या ताब्यात येईपर्यंत जुन्या इंजिनाच्या नटाला पाना लावायचा नाही. बोट कोरड्यावर उघडी पडली, यार्डाचं भाडं रोज चढायला लागलं आणि मेकॅनिक हात बांधून बसला, की घाई तुम्हाला असते, विकणाऱ्याला नसते. हे त्याला चांगलं ठाऊक असतं.

पुढचं सगळं शाफ्टवर (इंजिनाकडून पंख्याकडे जाणाऱ्या दांड्यावर) चालणारी, डिझेल इनबोर्डची, म्हणजे इंजिन आत असलेली, बोट धरून लिहिलं आहे. आउटबोर्डचं (मागे बाहेर टांगलेल्या इंजिनाचं) गणित पुष्कळ सोपं असतं. शाफ्टची लांबी (१५, २० किंवा २५ इंच), ट्रान्सम (बोटीची मागची भिंत) किती वजन आणि किती अश्वशक्ती झेलतो, आणि केबलची जुळणी एवढं पाहिलं की बहुतेक काम झालं.

आधी खात्री: इंजिन खरंच गेलंय का?

इंजिन गरम होतंय आणि जोर धरत नाही, एवढ्यावर त्याला भंगारात काढू नका. खाऱ्या पाण्यावरच्या बोटीत याचं फार मोठं कारण म्हणजे एक्झॉस्टचा एल्बो (वळणाचा तुकडा). समुद्राचं पाणी आणि धूर जिथे एकत्र येतात तिथे मीठ आणि काजळी बसून आतला मार्ग बोटभर उरतो. मग धूर कोंडतो, पाणी कमी वाहतं आणि इंजिन दमल्यासारखं वागतं. एल्बो काढून आत बघायला फार वेळ लागत नाही. हीट एक्सचेंजरच्या (समुद्राच्या पाण्याने इंजिनाचं पाणी थंड करणाऱ्या भागाच्या) नळ्या चोंदल्या असतील, तर त्याही साफ करून घेता येतात.

हे सगळं करूनही जोर येत नसेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब) तपासा. सगळ्या सिलिंडरांचे आकडे थोडे थोडे उतरले असतील तर ती झीज आहे, आणि ओव्हरहॉलचा विचार करता येतो. एकच सिलिंडर बाकीच्यांपेक्षा फार खाली असेल तर आधी व्हॉल्व्ह, हेड गॅस्केट आणि रिंगा बघा. ब्लॉक गंजून पाण्याच्या मार्गातून फुटला असेल किंवा मुख्य पार्ट बाजारातून हद्दपार झाले असतील, तर मात्र जुन्यावर पैसा ओतण्यात अर्थ नाही.

ताकद किती हवी

जड, पाणी कापत जाणाऱ्या बोटीला वेगाची मर्यादा तिच्या लांबीने घालून दिलेली असते. पाणरेषेवरची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा. उत्तर नॉट्समध्ये येतं. २५ फुटांच्या पाणरेषेला ६.७ नॉट्स, ३६ फुटांना साधारण ८. या आकड्यापुढे कितीही ताकद लावली तरी बोट आपल्याच लाटेवर चढत राहते आणि डिझेल जळतं. तिथपर्यंत पोचायला टनामागे सुमारे ४ अश्वशक्ती हा जुना अंदाज अजूनही कामाचा आहे. भरलेली बोट ५ टनांची असेल तर २० अश्वशक्ती. समोरून वारा आणि लाट येईल तेव्हासाठी त्यावर थोडी भर घाला. वजन मात्र कागदावरचं नको. पाणी, डिझेल, साखळी, नांगर आणि माणसं धरून मोजा.

जास्त ताकद घेतली तर बिघडलं कुठे, असं बऱ्याच जणांना वाटतं. डिझेलला हलकी कामं मानवत नाहीत. कायम कमी बोजावर चालणाऱ्या इंजिनात सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत होतात, ते तेल खायला लागतं आणि एक्झॉस्ट काजळीने भरतो.

खरी मेख फेऱ्यांत आहे. जुनं संथ इंजिन २४०० आरपीएमवर चालायचं आणि गिअरबॉक्स २:१ चा होता, तर शाफ्ट १२०० ने फिरायचा. नवं इंजिन ३६०० चं आहे आणि विकणारा म्हणतो, “२:१ चाच गिअरबॉक्स स्टॉकमध्ये आहे, घेऊन टाका.” तो घेतला तर शाफ्ट १८०० ने फिरेल, जुना पंखा इंजिनाला झेपणार नाही आणि लहान पंखा लावावा लागेल. जड बोटीला मोठा, संथ फिरणारा पंखा नेहमी चांगला ढकलतो. इथे ३:१ च्या आसपासचा गिअरबॉक्स हवा, आणि तो यायला वेळ लागणार असेल तर थांबा. उलट बाजूने अडचण अशी, की मोठ्या पंख्याला बोटीखाली जागा लागते. पात्याच्या टोकापासून बोटीच्या तळापर्यंत पंख्याच्या व्यासाच्या निदान १०% अंतर राहिलंच पाहिजे. त्याहून कमी असेल तर बोटीत बसलेल्याच्या दातांना ते कळतं.

दिशाही बघा. मागून पाहताना पुढे जाण्यासाठी घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो तो उजवा पंखा. नवा गिअरबॉक्स शाफ्टला उलटा फिरवणार असेल तर पंखा बदलावा लागेल, आणि मागे घेताना बोटीचा मागचा भाग आजवर ज्या बाजूला ओढला जायचा, त्याच्या विरुद्ध बाजूला जाईल. काही गिअरबॉक्स दोन्ही दिशांना सारख्याच गुणोत्तराने पूर्ण बोजा घेऊ शकतात. तसा मिळाला तर प्रश्नच मिटला. पण हे विकणाऱ्याच्या तोंडून नको, बनवणाऱ्याच्या पत्रकात वाचा.

मापं: टेप नको, व्हर्नियर घ्या

नव्या इंजिनाचं मापांचं रेखाचित्र मागवा आणि त्यावरून पुठ्ठ्याचा किंवा पातळ प्लायवूडचा सांगाडा करा. तो इंजिनाच्या जागेत बसवून पाहिला की रेखाचित्रात न दिसलेल्या गोष्टी दिसायला लागतात. संप (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) तळाला टेकतोय का? माउंटची रुंदी लाकडी किंवा फायबरच्या बैठकींवर येते का? गिअरबॉक्सच्या फ्लँजचा मध्य शाफ्टच्या रेषेत येतो का? इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी चाक), तेलाचा फिल्टर आणि डिपस्टिक यांच्यापर्यंत हात पोचतो का? शेवटचा प्रश्न लोक हसण्यावारी नेतात, पण भर समुद्रात इम्पेलर तुटला की त्याचीच आठवण येते. आणि हो, इंजिन ज्या दारातून आत न्यायचं ते दारही मोजा.

शाफ्टकडे खास लक्ष द्या. एक इंची शाफ्ट म्हणजे २५.४ मिमी. बाजारात त्याला सर्रास “पंचवीसचा” म्हणतात. पण २५ मिमीच्या भोकाचं कपलिंग २५.४ च्या शाफ्टवर जाणार नाही, आणि २५.४ चं कपलिंग २५ च्या शाफ्टवर खुळखुळेल. बाहेर पाण्यात शाफ्टला धरणाऱ्या कटलेस बेअरिंगचंही तेच. पंख्याकडच्या टोकाला टेपर (निमुळता उतार) असतो. मेट्रिक शाफ्टला बहुधा १:१०, इंची शाफ्टला १:१२ आणि अमेरिकी पद्धतीच्या शाफ्टला १:१६. डोळ्याला फरक कळत नाही. पंखा मात्र टेपरवर पूर्ण बसत नाही, नुसत्या कीवर (खाचेतल्या धातूच्या खुंटीवर) जोर घेत राहतो आणि एक दिवस की तुटते. पंखा बसवण्याआधी टेपरला निळा रंग किंवा मार्करची शाई लावून पंखा एकदा चढवा, उतरवा, आणि शाई कुठे पुसली ते बघा. सगळीकडे सारखी पुसली असेल तर बसणी ठीक आहे.

ही सगळी मापं एका कागदावर, मिमी आणि इंच दोन्हींत लिहून ठेवा. विकणाऱ्याशी बोलताना हाच कागद समोर लागतो.

पार्टवाला

अडवणारा प्रत्येक पार्टवाला लबाड असतो असं नाही. पुष्कळांकडे माल नसतोच. तुमच्या आगाऊ रकमेतून ते कालच्या गिऱ्हाइकाचा माल सोडवतात आणि तुमचा माल उद्याच्या गिऱ्हाइकाच्या पैशांतून येणार असतो. काहींना मालाची माहितीच नसते, “बसेल” हा त्यांचा अंदाज असतो. दोन्ही प्रकारांवर औषध एकच: तोंडी काही ठेवायचं नाही.

सुरुवात नंबराने करा. इंजिनावरच्या पाटीचा स्पष्ट फोटो घ्या. मॉडेल, त्याच्यामागची अक्षरं आणि सिरियल नंबर सगळं दिसलं पाहिजे, कारण एकाच मॉडेलमध्ये मधल्या कुठल्यातरी सिरियल नंबरापासून पंप किंवा ब्रॅकेट बदललेलं असतं. गिअरबॉक्सची पाटी वेगळी असते, तिचाही फोटो घ्या. त्यावरून पार्ट-कॅटलॉगमधला नंबर काढा. जुना नंबर बंद होऊन त्याऐवजी नवा आला असेल तर विकणाऱ्याला विचारा, “हा नंबर त्याच्याऐवजी आलाय असं कंपनीने कुठे लिहिलंय?” सरळ माणूस कागद दाखवतो. दुसऱ्या प्रकारचा माणूस म्हणतो, “अहो, वीस वर्षं हेच विकतोय.”

इथे एक गोष्ट ठाऊक असली की पारडं तुमच्या बाजूला झुकतं. छोटी सागरी डिझेल इंजिनं बऱ्याचदा मुळात शेती, जनरेटर किंवा बांधकामाच्या यंत्रांची असतात. बीटा मरीन आणि नान्नी यांच्या कित्येक इंजिनांच्या पोटात कुबोटाचा ब्लॉक आहे. त्यामुळे फिल्टर, बेल्ट, इंजेक्टर, गॅस्केट आणि पिस्टन रिंगा मूळ इंजिनाच्या नंबरावर ट्रॅक्टर-जनरेटरवाल्याकडे मिळू शकतात. खास बोटीसाठी जोडलेल्या वस्तू, म्हणजे हीट एक्सचेंजर, पाण्याने थंड होणारा मॅनिफोल्ड, समुद्राच्या पाण्याचा पंप आणि त्यांची ब्रॅकेटं, यांच्यासाठीच सागरी विक्रेता लागतो. तसंच बेअरिंग आणि ऑइल सील. पाण्याच्या पंपातलं बेअरिंग काढून पुसा. कडेवर ६२०४ असं काही कोरलेलं असेल तर ते २० × ४७ × १४ मिमीचं सर्वसाधारण बेअरिंग आहे, कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. सीलवर तीन आकडे असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. यादीतल्या वस्तूंची “फक्त इथेच मिळेल” आणि “कुठेही मिळेल” अशी फोड केली की अडवणाऱ्याच्या हातात फार थोडं उरतं. डॅम्पर प्लेट, इंजेक्टर आणि हेड गॅस्केट यांच्यात मात्र स्वस्ताच्या मागे लागू नका.

चौकशी लेखी आणि ओळीओळीने करा. प्रत्येक ओळीत पार्ट नंबर, नग, नवा की रिकंडिशन्ड, मूळ कंपनीचा की त्याच्यासारखा, दर, कधी पाठवणार, वाहतूक कोणाच्या खर्चाने आणि चुकीचा निघाला तर परत घेणार का, हे असू द्या. “ओरिजिनल” या शब्दावर भिस्त ठेवू नका. कोणत्या कंपनीच्या खोक्यात, कोणत्या नंबराने, असं विचारा. जुना पंप किंवा गिअरबॉक्स परत देण्याच्या बोलीवर सूट असेल, तर तो कोणत्या अवस्थेत चालेल आणि किती दिवसांत द्यायचा तेही लिहून घ्या. आणि नवा पार्ट बसून चालल्याशिवाय जुना हातचा सोडू नका. नमुना म्हणून तो सोन्याच्या मोलाचा असतो.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या. स्टॉकमध्ये असलेल्या मालाचे पैसे, तो माल आज काढलेल्या फोटोत दिसल्यावर. मागवून घ्यायच्या मालाला थोडी आगाऊ रक्कम, बाकी माल पाठवल्याचा वाहतूक नंबर आल्यावर. मोठ्या रकमेला असा मार्ग निवडा की बँकेकडे व्यवहारावर हरकत घेता येईल. अशी हरकत घ्यायला मुदत असते, आणि “पुढच्या आठवड्यात नक्की” ऐकता ऐकता ती उलटून जाते. ती तारीख पैसे भरतानाच कॅलेंडरवर टाका.

खोकं आलं की उघडण्यापासूनचं चित्रण करा आणि त्याच दिवशी सगळं मोजा. माझ्याकडे एकदा गिअरबॉक्ससाठी कपलिंग आलं होतं. बिलावर ५ इंची लिहिलेलं, खोक्यात ४ इंची. फोनवर उत्तर मिळालं, “सगळ्यांना हेच बसतं, बोल्ट टाकून बघा.” बोल्ट टाकून बघायचं नसतं, कारण एकदा पाना लागला आणि रंग खरवडला की माल वापरलेला ठरतो. फ्लँजवर व्हर्नियर ठेवून आकडा वाचता येईल असा फोटो काढला, शेजारी बिल ठेवलं आणि हे पाठवलं:

“ऑर्डरच्या तिसऱ्या ओळीत मागितलं: कपलिंग ५ इंची, भोक २५.४ मिमी, की पाव इंच. मिळालं: ४ इंची, भोक २५ मिमी. दोन्ही फोटो सोबत. माल वापरलेला नाही, मूळ खोक्यात आहे. शुक्रवारपर्यंत योग्य कपलिंग पाठवल्याचा वाहतूक नंबर द्या, किंवा या ओळीची पूर्ण रक्कम परत करा. चुकीचा माल नेण्याचा खर्च तुमचा. शनिवारी मी बँकेकडे हरकत नोंदवतो.”

यात एकही विशेषण नाही, राग नाही, बोट किती दिवस उभी आहे याचं रडगाणं नाही. ते रडगाणं विकणाऱ्याच्याच कामाचं असतं. त्यानंतर फोनवर बरीच टोलवाटोलवी झाली. आधी आयातदारावर ढकललं, मग सुट्टीवर असलेल्या माणसावर. प्रत्येक फोननंतर मी “आत्ता बोललो त्याप्रमाणे” अशी सुरुवात करून दोन ओळी लिहून पाठवत राहिलो. पैसे परत आले ते ठरलेल्या दिवशी हरकत खरोखर नोंदवल्यावर. सांगितलेल्या तारखेला सांगितलेलं केलं नाही, की पुढचा प्रत्येक इशारा पोकळ ठरतो.

आणखी दोन-तीन गोष्टी. “माल निघालाय” याचा अर्थ वाहतूक नंबर, दुसरा काही नाही. अर्धी ऑर्डर आली तर त्या अर्ध्याचंच बिल घ्या, उरलेली ओळ रद्द करण्याचा हक्क राखून ठेवा आणि तसं लिहा. चारचौघांत बदनामी करण्याची भाषा पैसे अडकलेले असताना वापरू नका. त्याने समोरचा अडून बसतो, आणि उद्या तक्रार ग्राहक यंत्रणेकडे न्यायची वेळ आली तर तुमचाच पत्रव्यवहार तुम्हाला नडतो. आणि माणूस सरळ निघाला, चूक मान्य करून माल बदलून दिला, तर त्याला धरून ठेवा. पुढची अनेक वर्षं फिल्टर आणि इम्पेलर लागणारच आहेत.

जुनं बाहेर

सगळा माल आला, मोजला, यादीवर खुणा झाल्या. आता पाना उचला.

सी-कॉक (समुद्राचं पाणी आत घेणारी झडप) बंद करा, डिझेल बंद करा, बॅटरी सोडवा. तेल आणि कूलंट आधीच उपसून घ्या. प्रत्येक वायरला चिठ्ठी, प्रत्येक नळीला चिठ्ठी, आणि सुटं करण्यापूर्वी फोटो. बोट पाण्यात असताना कपलिंग सोडवणार असाल तर आधी शाफ्टवर घट्ट क्लॅम्प लावा. मोकळा शाफ्ट मागे सरकून सुकाणूवर आदळतो, आणि पूर्णच निसटला तर स्टर्न ट्यूबमधून (शाफ्ट बोटीबाहेर जातो त्या नळीतून) पाणी आत येतं. उचलण्यासाठी इंजिनाच्या मूळ कड्याच वापरा. चेनपुली ज्या आडव्या नळावर टांगणार तो नळ डेकवर नव्हे, खालच्या भक्कम भागावर टेकलेला असावा.

इंजिन निघालं की ती जागा घासूनपुसून काढा. स्टर्न ट्यूब, टाकीचा खालचा कोपरा, बैठकीत मुरलेलं तेल, कुजलेलं लाकूड हे सगळं परत इतक्या मोकळेपणी दिसणार नाही. बैठकीचं लाकूड भिजलेलं असेल तर नवीन माउंटचे स्क्रू त्यात धरणार नाहीत. ते आत्ताच बदला. पांढरा रंग द्या, म्हणजे पुढे तेलाचा पहिला थेंबही दिसेल.

जुळवणी

सगळ्या कामात सावकाशीने करायचं काम हे. कोरड्यावर केलेली जुळवणी ही नुसती सुरुवात समजा. पाण्यात उतरल्यावर बोटीचा आकार थोडा बदलतो, म्हणून अंतिम जुळवणी बोट निदान एक दिवस तरंगल्यावर, इंजिनात तेल-पाणी भरून, टाक्या नेहमीइतक्या भरलेल्या असताना करायची. रबरी माउंटनाही इंजिनाच्या वजनाखाली बसायला तेवढा वेळ द्यायचा.

आधी शाफ्ट त्याच्या खऱ्या जागी आणा. आतल्या बाजूला तो लोंबकळतो, म्हणून स्प्रिंगच्या काट्याने त्याला आधार द्या. बाहेर आलेल्या शाफ्टचं निम्मं वजन अधिक त्यावरच्या अर्ध्या कपलिंगचं पूर्ण वजन, एवढं उचललं की तो सरळ राहतो. मग दोन्ही फ्लँज जवळ आणा. मधला उंचवटा समोरच्या खळग्यात हाताने अलगद गेला पाहिजे. पहारीने ढकलावं लागत असेल तर इंजिन वर-खाली किंवा बाजूला आहे.

फ्लँज टेकवा आणि फीलर गेजचं (फट मोजायच्या पानांच्या जुडग्याचं) सगळ्यात पातळ पान वर, खाली, उजवीकडे, डावीकडे घालून बघा. फटीतला फरक फ्लँजच्या दर इंच व्यासाला एक हजारांश इंचाहून जास्त नसावा, म्हणजे ५ इंची फ्लँजला सुमारे ०.१२ मिमी. वर फट आणि खाली नाही, याचा अर्थ इंजिनाचा पुढचा भाग खाली गेलाय, तो उचला. उलट असेल तर खाली घ्या. उंची जमली की मगच बाजूंकडे वळा. प्रत्येक नट थोडाच फिरवायचा आणि परत मोजायचं. शेवटी नट आवळल्यावर पुन्हा मोजायचं, कारण आवळताना इंजिन हलतंच.

आता एक तपासणी, जी बहुतेक मेकॅनिक टाळतात. इंजिनाची फ्लँज तशीच ठेवून शाफ्ट पाव फेरा फिरवा आणि परत मोजा. फट जागच्या जागी राहिली तर दोष इंजिनाच्या जागेचा आहे, जुळवत राहा. फट शाफ्टबरोबर फिरली तर शाफ्ट वाकडा आहे किंवा कपलिंग त्यावर चौरस बसलेलं नाही. मग इंजिन कितीही हलवलं तरी उपयोग नाही, शाफ्ट लेथवर न्यावा लागेल.

माउंटचे नट दांड्यावर उंच चढवून उंची मिळवू नका, त्याने थरथर वाढते. खाली पोलादी पट्टी घाला. आणि लवचीक कपलिंग लावलंय म्हणून जुळवणीत सूट मिळत नाही.

एक्झॉस्ट, पाणी, डिझेल, वायरी

नवं इंजिन बुडवण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे जुनाच एक्झॉस्ट तसाच जोडणं. धुरात पाणी मिसळतं ती जागा पाणरेषेपासून १५ सेंमीपेक्षा कमी उंच असेल किंवा खाली असेल, तर पाण्याच्या लाईनीला पाणरेषेच्या बरंच वर नेऊन तिथे अँटी-सायफन व्हॉल्व्ह बसवावाच लागतो. नाहीतर इंजिन बंद असताना सायफन होऊन समुद्र एक्झॉस्टमधून सिलिंडरात येतो. होजचा व्यास इंजिनवाल्याने सांगितलाय तोच ठेवा, जुना बारीक होज चालवू नका. वॉटर-लॉकमध्ये (एक्झॉस्टच्या लाईनीतलं पाणी धरणाऱ्या भांड्यात), इंजिन थांबल्यावर होजमधून परत येणारं सगळं पाणी मावलं पाहिजे.

पहिल्यांदा चालू करताना इंजिन लवकर धरत नाही, माणूस स्टार्टर मारत राहतो. या वेळी पंप पाणी ओढत असतो, पण ते बाहेर ढकलायला धूर नसतो. वॉटर-लॉक भरतो आणि पाणी इंजिनात चढतं. म्हणून दोन-तीनदा मारून धरलं नाही तर सी-कॉक बंद करून प्रयत्न करा आणि इंजिन धरताक्षणी उघडा. सी-कॉकपाशी एक माणूस उभा ठेवा.

डिझेलची जुनी टाकी साफ केल्याशिवाय नव्या इंजेक्शन पंपाला जोडू नका. नळ्या आयएसओ ७८४० छापलेल्या, आग सोसणाऱ्या घ्या. टाकीकडे परत जाणारी वेगळी लाईन हवी. पाणी वेगळं करणारा फिल्टर आधी, इंजिनावरचा त्यानंतर. वायरींत मुख्य केबलची जाडी अंतर मोजून ठरवा, आणि इंजिन चालू असताना बॅटरीचा मुख्य स्विच कोणाकडून बंद होणार नाही अशा जागी लावा. आल्टरनेटरचे डायोड तेवढ्याने जातात.

पाण्यावरची चाचणी

इंजिन गरम झालं, थंड पाणी एक्झॉस्टमधून नीट पडतंय, कुठे गळत नाही, ग्लँडला (शाफ्टभोवतीच्या पाणी अडवणाऱ्या सीलला) हात लावून बघितलं. मग मोकळ्या, खोल पाण्यात पूर्ण थ्रॉटल द्या. तळ स्वच्छ आणि बोट नेहमीइतकी भरलेली असेल, तर इंजिनाने पाटीवरच्या फेऱ्या गाठल्याच पाहिजेत. ३६०० चं इंजिन ३१०० वरच अडकलं आणि काळा धूर सोडायला लागलं, तर पंखा फार मोठा किंवा फार पिचचा (पात्यांना जास्त पीळ असलेला) आहे. असं चालवत राहिलात तर इंजिन आतून भाजून निघेल. सहज वर जाऊन गव्हर्नरवर (कमाल फेऱ्या रोखणाऱ्या भागावर) टेकलं तर पंखा हलका आहे. एखाद-दोन इंचांचा फरक असेल तर पंखे दुरुस्त करणारा पाती वळवून पिच बदलून देतो, नवा पंखा लगेच घेऊ नका. पंखा ताकद मागतो ती फेऱ्यांच्या साधारण घनाच्या प्रमाणात. त्यामुळे ८०% फेऱ्यांवर निम्मीच ताकद खर्च होते, आणि लांबच्या प्रवासाला ती पुरते.

पहिले काही तास इंजिन धक्क्याला नुसतं फुरफुरत ठेवू नका. बोजा द्या, फेऱ्या बदलत राहा. साधारण ५० तासांनी पहिलं तेल आणि फिल्टर बदलायचे असतात, पुस्तिकेत नेमका आकडा बघा. त्याच वेळी माउंट आवळून जुळवणी परत मोजा, बेल्ट ताणा, एक्झॉस्टचे क्लॅम्प बघा. वॉरंटी विक्रीच्या तारखेपासून सुरू होते की पहिल्यांदा चालवल्यापासून, आणि चाचणीवर कंपनीच्या अधिकृत माणसाची सही लागते का, हे आधीच विचारलेलं असावं. माल गोदामात पडून राहिला तर वॉरंटीचे काही महिने तिथेच संपतात. इंजिनाचा नंबर बदलला म्हणून नोंदणीत आणि विम्यातही तो बदलून घ्या. दावा करायच्या वेळी विमावाला पहिला तोच मागतो.

जुनं इंजिन अख्खं विकायला काढलंत तर भंगाराचा भाव येईल. स्टार्टर, आल्टरनेटर, इंजेक्शन पंप, हीट एक्सचेंजर आणि गिअरबॉक्स सुटे करून, पाटीच्या आणि मापांच्या फोटोंसकट विका. त्या मॉडेलच्या बोटी अजून पाण्यावर असतील तर गिऱ्हाईक मिळतं.